सुनेच्या प्रबंधातली आमची खोटी उत्तरं

माझ्या सुनेच्या प्रबंधात खोटं लिहिणाऱ्या बायकांमध्ये मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपण शिकवते आहे असं कोणाला वाटायला नको.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून बापानं काढलं. फार रडले वगैरे काही नाही. तेव्हा सगळ्याच मुलींना काढत. लग्न होऊन नागपूरला आले. मुलगा आठवीत असताना नवरा वारला, आणि ओळखीच्या एकानं मला हिंगण्याच्या कारखान्यात लावून दिलं. भिंतीवरची विजेची बटणं बनवायचा तो कारखाना. आम्हा बायकांचं खातं वेगळं. पितळेची पट्टी, स्प्रिंग, स्क्रू बसवायचे, बटण दहादा खालीवर करून पाहायचं आणि पुढे सरकवायचं. दिवसभर खटखट. घरी आले तरी बोटं चालूच राहायची.

मुलगा शिकला, सरकारी कचेरीत कारकून झाला. सून कुहीकडची, धानाची शेती असलेल्या घरातली. बी.कॉम. झालेली. पाहायला गेलो तेव्हा तिनंच मला विचारलं, "मला पुढे शिकायचं आहे, तुमचं काय म्हणणं?" मला ती त्या दिवशी आवडली नव्हती. मुलाला आवडली. मी म्हटलं, "शीक. पण सकाळच्या पोळ्या करून जा." ती म्हणाली, "संध्याकाळच्या करीन." तसं ठरलं आणि तसंच चाललं.

तिनं विद्यापीठात व्यवस्थापनाच्या मोठ्या पदवीला नाव घातलं. दुसऱ्या वर्षी एक प्रबंध लिहायचा असतो. तिचा विषय आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन. मी विचारलं ते काय असतं, तर म्हणाली, "एका देशातली कंपनी दुसऱ्या देशात कारखाना चालवते, तेव्हा काय जमतं आणि काय बिनसतं, त्याचा अभ्यास."

"त्याले कॉलेज कायले पायजे?" मी म्हटलं. "आमच्या गेटवर उभी राह."

ती हसली नाही. विचारच करत बसली. कारण आमच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी जपानी कंपनीची भागीदारी झाली होती. यंत्रं आली होती आणि यंत्रांसोबत पद्धती आल्या होत्या. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी आवारात उभं राहून कवायत करायची. भोंग्यातून टेप वाजायचा. बाप्ये हातपाय हलवायचे. आम्ही साड्यांतल्या बायका नुसते हात वर करून खाली करायचो, चिमण्या उडवल्यासारखे. दुसरी पद्धत सूचनापेटीची. ज्याला जे सुचेल ते चिठ्ठीवर लिहून त्या पेटीत टाकायचं, म्हणजे कारखाना सुधारतो. या पद्धती आमच्याकडच्या बायकांना मानवतात का, एवढाच तिचा प्रबंध. मॅनेजरनं परवानगी दिली, पण अट घातली, की लिहिलेलं आधी आम्हाला दाखवायचं, मगच विद्यापीठाला लागणारं परवानगीचं पत्र मिळेल.

तिनं मराठीत फॉर्म तयार केला. वीस प्रश्न. पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. कवायतीमुळे कामाचा उत्साह वाढतो का? सूचनापेटी उपयोगी वाटते का? नव्या पद्धतीत आपलं ऐकलं जातं असं वाटतं का? सुपरवायझरनं जेवणाच्या सुट्टीत फॉर्म वाटले, "नीट लिहा" म्हणाला आणि त्यानंच गोळा केले.

त्यानंतरच्या रविवारी सून फरशीवर फॉर्मांचे गठ्ठे लावून बसली होती. तिला पाचवा महिना होता.

"आई, इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळ्यांचं होय आहे. एकही नाही नाही."

"सगळ्याईचं?"

"सगळ्यांचं. सर म्हणाले, इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो."

मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही. त्या गठ्ठ्यात माझा फॉर्म होता आणि माझंही वीस ठिकाणी होय होतं. फॉर्म गोळा करायला सुपरवायझर येणार आणि वरचा कागद वाचत वाचत पुढे जाणार, हे मला माहीत होतं. शिवाय घरच्या पोरीच्या कामात आपण कशाला मोडता घालावा, असंही वाटलं. मी धरून चालले होते, की खोटं फक्त मी एकटीनं लिहिलं. बाकीच्या कुणी ना कुणी खरं लिहीलच.

सोमवारी बसमध्ये मी पाचपावलीवालीच्या शेजारी बसले. आमच्यात नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे. जी जिथून बसमध्ये चढे तिथली ती. ही माझ्या टेबलावरची, तोंडानं फाटकी, पण कामाला चोख.

"काय वं, त्या फॉर्मात काय लिहलं तू?"

"होय लिहलं. सगळ्याईले होय."

"कवायत आवडते तुले?"

"मले? आग लागो त्या कवायतीले! माह्या कमरेचा काटा ढिला झाला."

"मंग होय काहून लिहलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच वेड लागलं आहे. "तुह्या सुनेचा पेपर होता ना वं तो? चुकीचं लिहलं अन् पोरगी नापास झाली, तर? पोटुशी पोर. पाप कोन घेईल?"

पुढच्या बाकावरची बेसावाली वळली. "मी तं दोनदा तपासलं. एका जागी हातानं नाई झालं होतं, ते खोडून होय केलं. खोडल्याचे मार्क कापत नाई ना?"

"किती मार्काचा पेपर होता तो?" मागून कोणीतरी विचारलं.

हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. त्या बायका मूर्ख नव्हत्या. आम्ही बहुतेक सगळ्या तिसरी-चौथीत उठवलेल्या. छापलेला कागद हातात आला म्हणजे ती परीक्षा, आणि परीक्षेत बरोबर उत्तर एकच असतं, एवढं शाळेनं शिकवून आम्हाला घरी पाठवलं होतं. बरोबर उत्तर कोणतं, ते सुपरवायझरच्या तोंडाकडे पाहून कळत होतंच. सगळ्यांनी मिळून माझ्या सुनेला पास केलं होतं.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. माझ्या फॉर्मासकट. सून आधी मानायलाच तयार नव्हती. मग गठ्ठा काढून एकेक कागद उलटा करून पाहायला लागली, जसं काही मागे खरं उत्तर लिहिलेलं सापडेल.

मुलगा म्हणाला, "सहा आठवडे राहिले आहेत. जे आहे ते टाइप कर अन् देऊन टाक. कोन वाचते?"

"कोणी वाचत नसेल तर लिहिते कायले?" मी म्हटलं.

"माय, तू यात पडू नको."

"पडलीच आहे ना गा मी. त्या गठ्ठ्यात आहे मी."

अडचण सगळ्यांना दिसत होती. सातव्या महिन्यात तिचे आईवडील तिला कुहीला न्यायला येणार. त्याआधी प्रबंध गेला नाही, तर पुढच्या सत्रावर जाणार. मग मूल, मग मुलाचं दूध, मग मुलाचं दुखणं. मी चौथीतून उठले ती परत बसले नाही. उठलेली पोर परत बसत नाही, हे मला कोणी सांगायला नको. म्हणजे एकतर आत्ता खोटा प्रबंध, नाहीतर बहुतेक कधीच नाही.

तरी मी म्हटलं, "खोटाच द्यायचा असला तर उद्याच दे. पण मंग माह्यापेक्षा जास्त शिकली म्हनू नको."

ती भडकली. "आई, खोटं तुम्ही लिहिलं, आणि मला बोलता?"

बरोबर होतं तिचं. म्हटलं, "म्हनूनच बोलून राहिली. चाल, तुह्या सरले मीच सांगतो."

सर वाईट नव्हते. त्यांना घाई होती इतकंच. मला पाहून त्यांना वाटलं, मी सुनेला शाळा सोडायला लावायला आले आहे. तशा सासवा त्यांच्याकडे येत असणार. त्यांनी मला बसा म्हटलं आणि समजावायलाच सुरुवात केली, की आता थोडंच राहिलं आहे, तुम्ही हरकत घेऊ नका.

"हरकत नाही, साहेब," मी म्हटलं. "ते सगळे होय खोटे आहेत."

"असं कसं म्हणता येईल बाई? शास्त्रात पुरावा लागतो."

"मीच पुरावा. मी त्या कारखान्यात काम करते. मी खोटं लिहिलं. बाकीच्यांनीही लिहिलं. हिचे मार्क कटू नयेत म्हणून."

सरांनी चष्मा काढला. सुनेला इंग्रजीत काहीतरी विचारलं, तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. मग ते मला म्हणाले, "आता नव्यानं माहिती गोळा करायला वेळ नाही. आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच लिहिणार नाहीत कशावरून?"

"लिहायलाच लावलं नाही तर?"

ते म्हणाले, प्रयत्न करून पाहा, पण तारीख पुढे ढकलता येणार नाही, आणि जमलं नाही तर जे आहे तेच द्यावं लागेल. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही त्यांच्यासमोर असं बोलायचं नव्हतं." मी म्हटलं, "मंग कोनासमोर बोलायचं होतं?"

डोहाळजेवणाची कल्पना माझी. सहावा महिना लागत होता. आमच्याकडे सातव्यात करतात, पण थोडं आधी केलं तर आभाळ कोसळत नाही. बायकांना घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि डोहाळजेवणाला जाऊ नको असं कोणाचा नवरा म्हणत नाही, सुपरवायझरही म्हणू शकत नाही. बेसावालीच्या दिराचं शेत होतं. तेव्हा बेसा म्हणजे सगळी शेतंच. तिथं निंबाखाली सुनेला बसवायचं आणि गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, असं ठरलं. शेजारणी कुजबुजल्या, की विधवा सासू कसलं डोहाळजेवण करते. मी सांगितलं, ओटी पाचपावलीवाली भरेल, रोडगे मी भाजीन, आणि खायला लाज वाटत असेल त्यांनी येऊ नये. सगळ्या आल्या.

सुट्टीचा दिवस. वीसेक बायका. कोणी कणीक मळते आहे, कोणी वांगी चिरते आहे, मी गोवऱ्यांची आर धरली होती. सून फुलांचे दागिने घालून निंबाखाली बसलेली आणि मांडीवर वही. ओटी भरून झाली, गाणी झाली. मग मी धुरातून उठले.

"पोटुशीले जे पायजे ते द्यावं लागते का नाई?"

"लागते ना! नाईतं पोराचे कान वाहतात."

"मंग ऐका. हिले चिंचा नको, बोरं नको. हिले खरं ऐकाचे डोहाये लागले."

एकदम हशा झाला. "हे कायचे डोहाये वं?"

"कारखान्याचं खरं सांगा. हा पेपर नाही. मार्क नाही. नाई म्हटलं तरी पोरगी पास होते. तुम्ही होय लिहलं, म्हनूनच नापास होऊन राहिली."

हे शेवटचं ऐकल्यावर हशा थांबला. पाचपावलीवालीनं कणकेचे हात तसेच वर धरले. "अरे बाप्पा! आम्हीच बुडवलं का हिले?"

पहिल्यांदा तीच बोलली. "त्या पेटीत म्या एक डाव चिठ्ठी टाकली होती. बायकाईच्या संडासाले कडी लावा म्हनून. नाव नाई लिहलं. तं दुसऱ्या दिवशी सुपरवायझर म्हनते, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

"अन् कडी?"

"कडी कायची? आजही एक जन आत अन् एक जन दार धरून."

सून लिहीत होती. पेटी सुपरवायझरच्या खोलीच्या दारालाच टांगली होती, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग एकीनंतर एक सुरू झाल्या. हात कणकेत असले की बाईला तोंड सांभाळायला जमत नाही. सगळंच वाईट सांगितलं असंही नाही. एक जण म्हणाली, "तो जपानी साहेब बरा आहे. खाली पडलेला स्क्रू सोता वाकून उचलते. आपला मॅनेजर बुटानं सरकवते." सुनेनं तेही लिहिलं.

कवायतीवर आल्या तेव्हा मला वाटलं कंबर, गुडघे, लाज एवढंच निघेल. बेसावाली म्हणाली, "कवायत कराले काई नाई, दहा मिनिटं हात हालवाले काय होते? पन त्या दहा मिनिटाईसाठी बस अर्धा घंटा आधी आणली ना."

सुनेनं विचारलं, "मग त्यात काय अडचण होते, काकू?"

"आमचा गाव सोड, आम्हाले विहीर आहे. या शहरातल्याईले विचार. नळ कधी येते?"

नळ सहाला यायचा. आधी बस सातला होती, तेव्हा रांगेत उभं राहून दोन घागरी भरून निघता येत होतं. बस साडेसहाला झाली आणि नळावरचा नंबर यायच्या आत निघावं लागलं. मग पाणी कोण भरणार? थोरली मुलगी. रांग संपेपर्यंत तिच्या शाळेची घंटा होऊन जायची. पाचपावलीवालीची पोरगी सातवीत होती. दोन महिने रोज उशीर झाला, रोज बाहेर उभी केली, मग ती जाईनाच. तिथं बसलेल्या आणखी चार जणींनी सांगितलं, आमचंही तेच.

मीही त्याच बसनं जायचे. माझ्या घरी सून होती, पाणी ती भरायची, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. पाचपावलीवाली रोज माझ्या शेजारी बसायची आणि तिची पोर शाळेतून उठली, हे मला त्या दिवशी कळलं. रोडग्याची एक बाजू जळली.

सुनेनं लिहायचं थांबवलं होतं. म्हणाली, "माझ्या फॉर्मात नळ नव्हताच."

पण ऐकलं ते लिहिलं, असं तिनं केलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस ती पहाटे उठून वेगवेगळ्या वस्त्यांतल्या नळांवर जाऊन उभी राहिली. नळ किती वाजता येतो, कोण भरतं, किती वाजता सुटतं. मी म्हटलं, दिवस गेलेली बाई, कोणीतरी ढकलेल. तिनं ऐकलं नाही. एका शाळेत जाऊन मास्तरणीशीही बोलून आली. मग लिहायला बसली.

प्रबंध इंग्रजीत होता. ती लिहायची आणि मी स्वयंपाक करताना मला मराठीत सांगायची. मी चौथी पास, पण तो प्रबंध मी ऐकून तपासला. एकदा तिनं वाचलं, की महिला कामगार नाराज होत्या. मी म्हटलं, "नाराज जावई होतात. पाचपावलीवाली चिडली होती. तसं लिही." ती म्हणाली, असा शब्द प्रबंधात बरा दिसत नाही. मी म्हटलं, मग न दिसो. तिनं काहीतरी मधला शब्द शोधला असेल. मला इंग्रजी येत नसल्यामुळे ती त्यातून सुटली.

आमचे खोटे होय तिनं फेकले नाहीत. त्यांचं एक वेगळं प्रकरण केलं. परदेशी पद्धत आली, तिच्यामागून कागद आला, आणि कागदावर सगळं छान दिसलं. छान का दिसलं, ते त्यात लिहिलं. फाटकाच्या आत दहा मिनिटांचा फायदा मोजला गेला, फाटकाबाहेर नळावर काय गेलं ते कोणी मोजलं नाही, असं तिचं म्हणणं.

ठरल्याप्रमाणे तिनं ते मॅनेजरला वाचायला दिलं. चौथ्या दिवशी सुपरवायझर माझ्या टेबलाशी आला.

"बाई, सुनेला सांगा, ते पाण्याचं अन् पेटीचं काढून टाका म्हणून. साहेब पत्र देणार नाहीत नाहीतर."

"तिलेच सांगा ना साहेब. मी चौथी पास. मले काय समजते त्यातलं?"

"तुम्हाला सगळं समजतं. नोकरी करायची आहे ना?"

"काढायचं असलं तर लिहून द्या. कारण लिहा त्यात. सुनेनं नळ मोजला म्हणून काढलं, असं लिहा."

लिहून कोणी दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला धुलाईच्या टेबलावर टाकलं. पितळेचे तुकडे घासलेटात धुवायचे. हाताची कातडी सोलायची. पाचपावलीवाली म्हणाली, "माफी माग, वापस घेतील." मी म्हटलं, "कायची माफी?" तिथं एक बरं होतं. घासलेटाच्या वासामुळे सुपरवायझर फिरकायचा नाही. मी सात महिने तिथं होते आणि त्या सात महिन्यांत मला कोणी कवायतीलाही बोलावलं नाही.

परवानगीचं पत्र काही मिळालं नाही. सून रडकुंडीला आली. मुलगा म्हणाला, पाहा, मी म्हणत होतो. पण सरांनी ते प्रकरण वाचलं होतं, आणि त्यांना पहिल्यांदाच घाई नव्हती. ते म्हणाले, कारखान्याचं नाव काढा, हिंगण्याच्या वसाहतीतला एक कारखाना असं लिहा, सही मी करतो. सीताबर्डीवर टंकलेखकाकडे बसून तिनं शेवटची पानं करून घेतली. कुहीहून तिचे आईवडील न्यायला आले, तेव्हा ती बाइंडिंगवाल्याकडे होती. विहीणबाई मला म्हणाल्या, "पोरीच्या पोटावर टाइपरायटर ठेवला तुम्ही." मी म्हटलं, "नाही, मांडीवर. चहा घ्या." तिला न्यायचं होतं ते तोंडी परीक्षा झाल्यावर न्या म्हणून सांगितलं. त्या रागानं गेल्या. पुढे नातू झाल्यावर बोलायला लागल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. आत काय झालं ते तिनंच सांगितलं. ते म्हणाले, "पहिली पाहणी फसली, हे लिहायची काय गरज होती? कोणाला कळलं नसतं." ती म्हणाली, "फसली म्हणून तर बाकीचं कळलं." मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्यांदा या बायका खरं बोलल्या कशावरून?" ती म्हणाली, "त्यांच्या मनाचं मला सांगता येणार नाही. पण नळ सहाला येतो, हे मी उभी राहून पाहिलं आहे." त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते तिला कळलं नाही.

दुसरा वर्ग मिळाला. सर म्हणाले, पहिल्या पाहणीवर थांबली असती तर पहिला आला असता. असेल. कारखान्यात काही बदललं का, असं लोक विचारतात. तिच्या प्रबंधानं नाही बदललं. कवायत पुढे बंद पडली ती भोंगा बिघडला म्हणून, आणि बस तरीही साडेसहालाच येत राहिली.

बाळंतपण करून सून कुहीहून परत आली, तेव्हा कारखान्याच्या बायका बाळ पाहायला आल्या. बाळ पाहून झाल्यावर पाचपावलीवाली म्हणाली, "अन् ते पुस्तक कुठं आहे? आमचं बोलनं लिहलं ते?"

सुनेनं घरची प्रत काढली आणि त्यांचं त्यांचं बोलणं मराठीत सांगायला लागली. संडासाच्या कडीचं आलं.

"हे कोन बोललं असं लिहलं आहे?" पाचपावलीवालीनं विचारलं.

"एक महिला कामगार."

"एक म्हनजे कोन?"

"तुम्हीच, काकू."

"मंग माहं नाव काहून नाई?"

सून समजावायला लागली, की नाव टाकलं असतं तर तुमची नोकरी गेली असती, प्रबंधात असंच लिहायची रीत आहे.

"नोकरी माही होती ना? मले विचारलं होतं का तू?" ती म्हणाली. "कडीचं मी बोलली. एक महिला नाई बोलली."

बायकांच्या जिवाची काळजी करताना आम्ही दोघींनी त्यांना विचारलंच नव्हतं. सून म्हणाली, "पुस्तक बांधून झालं आता. आत काही घालता येत नाही."

"पेन तं आहे ना घरात?"

मी पेन आणून दिला. सून "सुंदर टाइप केलेली प्रत आहे हो" म्हणत राहिली, पण बोटानं जागा दाखवत गेली, आणि एकेक जण आपल्या बोलण्यावर आपलं नाव घालत गेली. कोणाचं ओळीवर मावलं नाही, ते समासात गेलं. एकीला लिहिता येत नव्हतं, तिनं अंगठा उठवला. खोट्या उत्तरांच्या प्रकरणात माझं खोटं होतं, तिथं मी माझं नाव लिहिलं.

विद्यापीठातल्या प्रतीत अजूनही सगळीकडे एक महिला कामगारच बोलते. ती कोण, हे कोणाला पाहायचं असलं तर आमच्या घरी यावं लागेल.